बाबांच्या पट्टीत

४ तारीख, बुधवार

वाचनालयाचं पत्र आलं. नव्या सभागृहाला नाव द्यायचंय आणि समितीपुढे आता दोनच नावं उरली आहेत. एक माझे बाबा, दुसरी शिवणबाई. दोघंही या शहरात जन्मभर गायले. गाणी स्वतः लिहायची, चाल स्वतः लावायची, गायचीही स्वतःच. दोघंही आता नाहीत. महिनाअखेरच्या रविवारी, म्हणजे एकोणतीसला, दोन्ही घरच्यांनी वीस-वीस मिनिटांत लोकांसमोर सांगायचं की या माणसाचं मागे काय उरलं. मग समिती तिथल्या तिथे नाव ठरवणार.

यात ठरवायचं काय आहे? बाबांच्या नऊ तबकड्या, तीन मोठे सन्मान, परदेशचे दौरे. लोक त्यांना 'पहाडी' म्हणायचे, आवाजच तसा होता. शिवणबाई शाळेचे गणवेश शिवायच्या आणि मशीन चालवता चालवता गाणी रचायच्या. तबकड्या दोन, सन्मान शून्य.

यांना पत्र वाचून दाखवलं. हे म्हणाले, "बरं." तेहतीस वर्षं झाली लग्नाला, 'बरं'च्या पुढे गाडी जात नाही. मग नेहमीसारखे फिरायला म्हणून गेले. हल्ली मंगळवार-शुक्रवार तर होतंच, आता बुधवारीही. काल जिना चढताना तीनदा थांबले. जन्मभर लाकडाच्या कारखान्यात भुसा खाल्लाय, पण म्हणून इतकं रेंगाळायचं? मी वर पोचून कुलूप उघडून चहाही टाकला होता.

५, गुरुवार

पुराव्यांची जुळवाजुळव सुरू. सगळ्यात आधी माझी परवानग्यांची वही काढली. बाबा गेल्यापासून त्यांच्या गाण्यांची राखण माझ्याकडे. कोणाला गायचं असेल तर मला पत्र लिहावं लागतं आणि मी वहीत नोंद करून उत्तर देते. आजवर सत्तेचाळीस अर्ज आले. तीन मंजूर, चव्वेचाळीस नामंजूर. कारण बहुतेक वेळा एकच, 'पट्टी बदलण्याची विनंती'. प्रत्येकाला बाबांची गाणी दोन-चार सूर खाली उतरवून हवीत. बाबांनी गाण्यांच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलंय की ही गाणी माझ्याच पट्टीत गावीत. ते काय शोभेला छापलंय?

मी छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. चूक दिसली की माझा हात शिवशिवतो. बाबांचा एक सूरही मी इकडचा तिकडे होऊ दिलेला नाही. समितीला ही वही दाखवायची. इतकं जपलेलं दुसऱ्या कोणाचं असेल तर आणून दाखवा म्हणावं.

९, सोमवार

नुसतं तोंडी सांगून कोण ऐकतंय? म्हणून तीन दिवस पाहणी केली. बँकेची रांग, बसथांबा, केशकर्तनालय, शाळेचं फाटक. साठ माणसं. पहिला प्रश्न: या दोघांपैकी कोणाचं नाव माहीत आहे? बाबांचं सत्तावन्न जणांना माहीत. शिवणबाईंचं फक्त अकरा जणांना. मी बसथांब्यावरच पेन बंद करून मनातल्या मनात एक उडी मारून घेतली.

तिथेच थांबायला हवं होतं, पण मला कुठला दम निघतोय. दुसरा प्रश्न विचारला: यांचं एखादं गाणं म्हणून दाखवा. बाबांचं 'वाट उभी आहे' सगळ्यांनी सुरू केलं आणि पहिल्या ओळीला सगळे थांबले. 'उंबऱ्यावरून ऊठ आता, वाट उ…' की संपलं. तो 'उभी'वरचा सूर बाबा बावीस मात्रा एका दमात धरायचे, तो कोणाच्या बापाला येणार? लोक हसून हात वर करायचे. मग मी शिवणबाईंची नुसती सुरुवात सांगितली, 'उसवलं तेवढं शिवून घेऊ'. साठच्या साठ जणांना पाठ. बँकेतल्या रांगेनं तर अख्खं गाणं म्हटलं. रोखपालसुद्धा काचेआडून म्हणत होता. चार कडवी, आणि प्रत्येकाची वेगळी. कोणी 'उरलं ते उद्या', कोणी 'राहिलं ते उद्या', एका आजोबांनी तर स्वतःचंच पाचवं कडवं जोडलेलं. मी तिथल्या तिथे दुरुस्त करायला गेले तर म्हणाले, बाई, आम्ही असंच म्हणतो. हे कोणाचं गाणं असं विचारलं तर म्हणे कोणाचं म्हणजे, आपलंच.

खरं लिहायचं तर घरी येईपर्यंत वाटेत दोनदा आकडे पुन्हा मोजले. पण कलावंत मोठा की नाही ते नावावरून कळतं. समितीला पहिल्या प्रश्नाचा आकडा द्यायचा. दुसरा प्रश्न विचारलाच नव्हता असं समजायचं.

१२, गुरुवार

शिवणबाईंचा मुलगा दातांचा डॉक्टर आहे. दाढेचं निमित्त काढून त्याच्या दवाखान्यात गेले, म्हटलं शत्रूची तयारी काय आहे बघावं. माणूस पक्का धूर्त. तयारी काहीच नाही म्हणाला! आईच्या गाण्यांची अस्सल प्रत कोणती असं विचारलं तर म्हणतो तशी नाहीच. कोणी विचारायला आलं की त्या म्हणायच्या, तुझ्या अंगाला बसेल तसं करून घे. शब्द बदला, चाल बदला, वर न्या, खाली आणा. माझ्या तोंडात त्याची हत्यारं होती म्हणून, नाहीतर दोन शब्द सुनावले असते.

चूळ भरत होते तेव्हा त्यानं विचारलं, "ताई, काम करताना तुम्ही बाबांचं कुठलं गाणं गुणगुणता?"

मी गुणगुणत नाही, असं सांगितलं. गात नाही मी. यावर तो म्हणाला की त्याच्या लग्नात त्याला 'वाट उभी आहे' गायचं होतं, बायकोला फार आवडायचं. मला पत्रही लिहिलं होतं. मला काही आठवेना. घरी येऊन वही पाहिली. नोंद क्रमांक नऊ. नामंजूर. कारण पट्टी.

दाढ मात्र छान भरली आहे.

१५, रविवार

लेकीशी भांडण. ती इस्पितळात व्यायामोपचार करते. ज्यांच्या फुप्फुसांत दम उरलेला नाही अशा अकरा जणांचा तिनं गाणारा गट केलाय. गाण्यानं श्वास लांबतो म्हणे. आत्तापर्यंत ते शिवणबाईंची गाणी म्हणत होते, ती सोपी असतात म्हणून. आता त्यांना 'वाट उभी आहे' म्हणायचंय. चार सूर खाली. आणि मध्ये श्वास घेऊन!

मी सांगितलं, आजोबांचं गाणं म्हणजे काय औषधाची गोळी आहे, अर्धी मोडून द्यायला? ती म्हणाली, "आई, तू त्यांची गाणी जपलीस की कोंडलीस?" मोठी शहाणी. मी ताटावरून उठले. यांनी मध्ये पडून काही बोलावं की नाही? हे भिंतीकडे बघत हळूहळू पाव चावत होते. वर मलाच विचारतात, चार सूर खाली आणलं तर काय होईल गं? म्हटलं, तुम्हाला कशाला चौकशा, तुम्हाला काय गायचंय?

हिला काय ठाऊक बाबा कसे होते. फार प्रेमळ होते. मी नऊ वर्षांची असताना स्वयंपाकघरात 'वाट उभी आहे' म्हणत होते, माझ्या आवाजाला झेपेल तितकं खाली आणून. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू गाऊ नकोस. तू ऐक. तुझं ऐकणं चांगलं आहे." रागावले नाहीत, काही नाही. चांगलं आहे म्हणाले. त्यानंतर बावन्न वर्षं मी एक ओळ म्हटलेली नाही, नुसती ऐकली. माझ्याइतकं त्यांना कोणी ऐकलेलं नाही.

१९, गुरुवार

एकोणतीसला गायला शास्त्रीय शिकलेला, नाव झालेला गायक ठरवला होता. आज तालीम होती. 'उभी'वर चढला, चौदाव्या मात्रेला आवाज फाटला. परत चढला, परत फाटला. पाचव्यांदा पाणी प्यायला आणि शाल उचलली. जाताना म्हणाला, "ताई, राग मानू नका. तुमच्या वडिलांनी ही गाणी आमच्यासाठी लिहिलीच नाहीत, स्वतःसाठी लिहिली. आम्ही फक्त ऐकायची." आधी ज्या तिघांना विचारलं होतं त्यांनी तर फोनवरच हात जोडले होते.

म्हणजे आता तबकडी लावायची. लावू. तबकडीत तर बाबाच आहेत, त्यांच्याहून चांगलं कोण गाणार? तरी दुपारपासून काही सुचत नाहीये. माणूस मेल्यावर त्याचं गाणं फक्त त्यालाच येत असेल तर मग ते कोणाकडे आहे, असा एक खुळा विचार डोक्यात आला. चहा करून घेतला, तरी जाईना.

२४, मंगळवार

आज जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

लेकीला तोंडी नकार दिला होता, पण नियम म्हणजे नियम. वहीत नोंद क्रमांक अठ्ठेचाळीस केली आणि नकाराचं पत्र रीतसर लिहून, पाकिटात घालून, स्वतः इस्पितळात द्यायला गेले. दुसरा मजला, टोकाची खोली. आत अर्धगोलात खुर्च्या. ऑक्सिजनची नळी लावलेले एक निवृत्त बसचालक, बेकरीत जन्म काढलेली एक बाई, असे सगळे. आणि पहिल्याच खुर्चीवर हे!

फिरायला जातात ते हे! छातीशी उशी धरून, चष्मा नाकावर, शिवणबाईंचं 'उसवलं तेवढं' म्हणत होते. लेकीनं सांगितलं, हे आठ महिन्यांपासून येतात, त्यांची फुप्फुसं निम्मीच चालतात, तुला सांगू नको म्हणाले. मला जिन्यावरचे ते थांबे आठवले आणि मी केलेली बडबड आठवली. माझी मलाच इतकी लाज वाटली की पाकीट कुठे लपवू कळेना. पण लेकीनं ते घेतलं, वाचलं आणि गटाला सांगितलं की परवानगी नाही, आपण दुसरं घेऊ.

तेव्हा हे उठून उभे राहिले. "तेहतीस वर्षं घरात ऐकतोय मी ते गाणं," म्हणाले. "एकदा म्हणायचंय गं मला. मला जमेल तसं."

इतकं लांब वाक्य ते लग्नातही बोलले नव्हते. मी म्हटलं, एकदाच. आणि भिंतीला टेकून उभी राहिले. चुका मोजायच्या असं ठरवलं होतं.

चार सूर खाली सुरू झालं. पहिल्या ओळीत पाच चुका. 'उभी' आलं. बावीस मात्रा धरायला त्यांच्यात दम कोणाकडे असणार? त्यांनी तो सूर वाटून घेतला होता. यांनी दोन मात्रा धरला, यांचा श्वास संपायच्या आत बेकरीवालीनं उचलला, तिचा संपायच्या आत पुढच्यानं. खुर्चीमागून खुर्ची. अकरा जणांनी मिळून बावीस मात्रा, मध्ये कुठे फट नाही. एकाला सुटला की दुसरा हजर. शेवटी बसचालकांनी तो असा अलगद खाली ठेवला की मी चौदा चुकांपर्यंत आले होते आणि पुढे मोजायचं राहूनच गेलं.

मी रडले. भिंतीकडे तोंड करून, नाक ओढत, चांगली रडले. बावन्न वर्षं ते गाणं ऐकते आहे, पण ते उठायला सांगणारं गाणं आहे हे आज समजलं. बाबा गायचे तेव्हा आपण बसून राहायचो आणि बाबाच उठून जायचे.

हे विचारत होते, फार चुकलं का? म्हटलं, चुकलं. परत म्हणा.

२५, बुधवार

सकाळभर वही वाचली. नोंद तीन, मुलींच्या शाळेचा गट. नोंद सतरा, तुरुंगातले कैदी. नोंद बावीस, एक आई, अंगाईसारखं म्हणू का विचारत होती, तिलाही नाही. चव्वेचाळीस वेळा बाबा कोणाच्या तरी घरात जाणार होते आणि चव्वेचाळीस वेळा मी दार लावलं. मी त्यांची गाणी जपते असं मला वाटत होतं. लिहायलाही जड जातंय, पण लिहिते: मी त्यांना गप्प केलं.

दातवाल्याला फोन केला. म्हटलं, नोंद नऊबद्दल माफी मागायची आहे. तो हसत सुटला. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली म्हणाला, पण बायकोला सांगतो, ती अजून वाट बघतेय. माणूस धूर्त वगैरे काही नाही. मलाच तसं वाटून घ्यायचं होतं.

एकोणतीसला तबकडी लावणार नाही. गट येणार. यांनी डॉक्टरांना विचारून घेतलंय.

२९, रविवार

आधी दातवाल्याची पाळी. मंचावर आला, म्हणाला मला भाषण येत नाही, आणि 'उसवलं तेवढं शिवून घेऊ' सुरू केलं. झालं. सहाशे माणसं उभी राहून गायला लागली. माझ्या शेजारची बाई आपल्या कडव्यावर इतकी ठाम होती की मागच्याशी तिचं वाजलं. सहा मिनिटांत आटपून तो खाली उतरला. टाळ्या थांबेनात. माझ्या हातात बाबांच्या सन्मानांची यादी होती.

यादी वाचली नाही. पाहणीचे आकडे वाचले, दोन्ही प्रश्नांचे. बाबांचं नाव साठात सत्तावन्न जणांना येतं, गाणं एकालाही येत नाही. शिवणबाईंचं गाणं सगळ्यांना येतं, नाव अकरा जणांना. आणि हे बाबांचं दुर्दैव नव्हे, हे मी करून ठेवलंय, असं सांगितलं. मग गटाला बोलावलं.

अकरा खुर्च्या. यांनी सुरुवात केली, माझ्याकडे बघत. 'उभी' आलं, सूर खुर्च्यांवरून सरकत निघाला. दहाव्या खुर्चीपर्यंत ठीक, आणि बसचालकांना ढास लागली. दोन मात्रा उरल्या होत्या. घ्यायला पुढे कोणी नव्हतं. शेवटच्या खुर्चीच्या पुढे फक्त मी उभी होते.

मी घेतला. विचार केला असता तर घेतलाच नसता. आवाज कसा निघाला देव जाणे, कुलूप गंजलेलं होतं, पण सूर तोच होता. दोन मात्रांच्या चार झाल्या, सहा झाल्या, मला सोडवेचना. बसचालक सावरले आणि परत आले, मग लेक, मग पहिल्या रांगेतून दातवाला, त्याच्या शेजारी एक बाई डोळे पुसत गाणारी, ती त्याची बायको असणार. मग अख्खं सभागृह. कोणी वर, कोणी खाली, ज्याची त्याची पट्टी. 'उंबऱ्यावरून ऊठ आता, वाट उभी आहे'. एकामागून एक माणसं खुर्च्यांवरून उठत गेली, शेवटच्या रांगेपर्यंत. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तर मी ओरडत होते म्हटलं तरी चालेल, आणि मला इतका आनंद झाला होता की तो मावेना.

शांत झाल्यावर मी ध्वनिक्षेपक हातात घेतला. म्हटलं, समितीला विनंती आहे, या सभागृहाला शिवणबाईंचं नाव द्या.

ग्रंथपाल अध्यक्ष होते. त्यांनी चष्मा काढला. "ताई, तुम्ही बोलताय कोणाच्या बाजूनं?"

"बाबांच्या," मी म्हटलं. "त्यांना नावाची कमी नाही. त्यांना गाणारी माणसं हवी होती, ती आज मिळाली. शिवणबाईंना गाणारी माणसं आहेत, त्यांना नाव हवंय. आणि आजपासून बाबांचं गाणं म्हणायला मला विचारायचं नाही. ज्याच्या त्याच्या पट्टीत म्हणा."

समितीनं एकमतानं शिवणबाईंचं नाव दिलं. दातवाला मंचावर येऊन माझे दोन्ही हात धरून उभा राहिला. लोक बाहेर पडताना जिन्यावरून 'वाट उभी आहे' म्हणत उतरत होते, शब्द चुकवत, आणि कोणीतरी मध्येच 'शिवून घेऊ'सुद्धा जोडत होतं. मी आणि हे सगळ्यात शेवटी उतरलो. प्रत्येक वळणावर थांबत, घाई कसलीच नव्हती.

३०, सोमवार

आवाज पूर्ण गेलाय. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला आणि तीन दिवस एक शब्दही बोलायचा नाही अशी ताकीद दिली. इतका ताण कशानं आला असं त्यांनी विचारलं. मला सांगता येईना, म्हणून त्यांच्याच कागदावर लिहून दिलं: गाऊन.